रूस बोल्टनने कोणाची माणसं खर्ची घातली?

जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही कादंबरीमालिका वाचणाऱ्यांमध्ये रूस बोल्टनचा विषय निघाला की वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एक पक्ष म्हणतो, ड्रेडफोर्टचा हा सरदार पहिल्या दिवसापासून फितूर होता. ग्रीन फोर्क नदीवरची लढाई त्याने मुद्दाम हरली आणि 'रेड वेडिंग'च्या रात्री, म्हणजे लग्नाच्या मेजवानीत त्याचा राजा रॉब स्टार्क मारला गेला तेव्हा, फक्त मुखवटा उतरवला. दुसरा पक्ष म्हणतो, तो व्यवहारी होता. रॉब स्टार्कने दिलेला शब्द मोडला, स्वतःचं घर गमावलं, मित्र दुखावले. अशा राजासोबत कोणी का बुडावं? दोन्ही पक्ष भांडतात ते एकाच गोष्टीवरून, आणि ती म्हणजे तारीख. रूसने बाजू बदलायचं ठरवलं ते नेमकं केव्हा? मग कोणी ग्रीन फोर्कवर बोट ठेवतो, कोणी विंटरफेल हा रॉबचा किल्ला पडल्याच्या बातमीवर, कोणी रॉबच्या लग्नावर, आणि चर्चा तिथेच रुतून बसते.

ही तारीख सापडली तरी हाती फारसं लागणार नाही. सरदाराची निष्ठा तपासायची असेल तर त्याने विश्वासघात केला ती रात्र पाहून भागत नाही. त्याआधीच्या प्रत्येक मोहिमेत कोणाची माणसं मेली आणि कोणाची वाचली, हे पाहावं लागतं. तो हिशेब मांडला की रूस बोल्टन दोन्ही पक्षांच्या चौकटीत बसत नाही. सुरुवातीपासूनचा कट सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण तो परिस्थितीने भाग पाडलेला व्यवहारी माणूस होता, हे तर त्याहून खोटं आहे. त्याने राजाच्या नावाने इतरांची माणसं खर्ची घातली, स्वतःची राखली, आणि ज्या दुबळेपणाकडे बोट दाखवून त्याचे समर्थक आज त्याची बाजू घेतात, त्या दुबळेपणात मोठी भर त्यानेच घातली होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिच्यामुळे होतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' या पडद्यावरच्या मालिकेतला रूस रॉबच्या छावणीत, त्याच्या शेजारी वावरतो, आणि हॅरनहालच्या किल्ल्यात रॉबची बहीण आर्या काम करते ती रॉबचा शत्रू टायविन लॅनिस्टरच्या हाताखाली. कादंबऱ्यांत तसं नाही. तिथे रूस राजापासून दूर आहे, स्वतंत्र सेनापती आहे, हॅरनहाल त्याच्या ताब्यात आहे आणि आर्या त्याची चाकरी करते. म्हणजे त्याच्या वागण्याचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मालिकेत आलेलाच नाही. फक्त पडद्यावरचा रूस ओळखणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी फिरलेला वाटला तर त्यात त्याची चूक नाही. पण खटला चालवायचा असेल तर साक्षीदार पुस्तकातले घ्यावे लागतील.

आता ग्रीन फोर्क. रॉबने सैन्य विभागलं. घोडदळ घेऊन तो स्वतः फ्रे घराण्याच्या ट्विन्स किल्ल्याचा पूल ओलांडून रिव्हररनकडे निघाला आणि पायदळ रूसच्या हाती सोपवून त्याला टायविनच्या अंगावर धाडलं. हे काम मुळातच हुलकावणीचं होतं. टायविनने त्या पायदळालाच खरी फौज समजावं आणि नदीच्या पूर्वेला अडकून पडावं, एवढाच उद्देश होता, आणि तो साधला. टायविन तिथे गुंतला, इकडे व्हिस्परिंग वूडमध्ये टायविनचा मुलगा जेमी लॅनिस्टर पकडला गेला. रात्रभर चालवून थकलेल्या पायदळाला पहाटे अनुभवी फौजेसमोर उभं करणं शहाणपणाचं होतं का, यावर वाद घालता येईल. पण हार झाल्यावर रूसने उरलेलं सैन्य मोडू न देता मागे आणलं. माघार म्हणजे गद्दारी नव्हे. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी मल्हारराव होळकर रणातून निघाले, त्यावरून मराठी माणूस आजही भांडतो. पण निघून गेलेल्या प्रत्येक सेनापतीला फितूर ठरवायचं तर इतिहासात निष्ठावंत म्हणून फक्त मेलेलेच उरतील. ग्रीन फोर्कवर हॅलिस हॉर्नवूड पडला; सर्विनचा सरदार, कारस्टार्कचा वारस, विलिस मँडर्ली शत्रूच्या हाती लागले; बोल्टनच्या घराला मात्र तशी झळ लागली नाही. ही यादी वाचताना भुवई उंचावते हे खरं. तरी एका लढाईत कोण मेला यावरून हेतू ठरवणं मला पटत नाही. गोंधळात बाण कोणाचं निशाण पाहून लागत नाही.

म्हणून ग्रीन फोर्कपुरता संशयाचा फायदा मी त्याला देतो. तो मिळत नाही हॅरनहालमध्ये.

तो प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अंगाला जळवा लावून घेऊन रूस पडलेला आहे. फ्रे घराण्यातले लोक भोवती जमून सांगताहेत की युद्ध हरल्यात जमा आहे, तह करावा. तो ऐकून घेतो, त्यांना गप्प करतो, स्वतःचं मत कळू देत नाही. वाचलेलं पुस्तक शांतपणे विस्तवात टाकतो. आणि याच सुमारास तो एक हुकूम सोडतो: रॉबचा सरदार हेल्मन टॉलहार्ट याने डॅरीच्या गढीतले कैदी कापावेत, गढी जाळावी, मग रॉबेट ग्लोव्हरला सामील होऊन पूर्वेला डस्कनडेलवर चालून जावं. आणि हे सगळं राजाच्या आज्ञेने! राजाने अशी आज्ञा दिलेलीच नाही. राजा दूर पश्चिमेला आहे आणि त्याला याचा पत्ताही नाही. हे दोघेच का निवडले, तेही रूस बोलून दाखवतो. एकाचा किल्ला गेलाय, दुसऱ्याचा मुलगा गेलाय; त्यांना सूड घेऊ द्यावा. दुःखाने पेटलेल्या माणसांना पुढे घालणं किती सोपं असतं, हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

डस्कनडेल म्हणजे काय? समुद्रकाठचं बंदर. रॉबच्या युद्धाशी त्याचा काडीचा संबंध नाही. उत्तरेकडे परतण्याच्या वाटेवर ते नाही, आणि जिंकलं तरी ते राखणार कोण हा प्रश्नच आहे. तिथे लॅनिस्टरांच्या बाजूच्या रँडिल टार्लीने ग्लोव्हर आणि टॉलहार्टच्या फौजेचा चुराडा केला. बातमी कळली तेव्हा रॉबला उमगेना की आपल्या पायदळाचा एक-तृतीयांश भाग डस्कनडेलसारख्या ठिकाणासाठी का गेला. पुढे ट्विन्सला भेट झाली तेव्हा रूसने दोष कोणावर टाकला? ग्लोव्हरवर. आपल्या घराण्याचा किल्ला, डीपवूड मॉट, पडल्याच्या दुःखाने तो बेभान झाला होता म्हणे. हुकूम देणारा तोच आणि हुकूम पाळणाऱ्याला वेडा ठरवणाराही तोच. नुसत्या व्यवहारी माणसाला हे खोटं बोलायची गरज पडली नसती. मोहीम चुकली एवढं तो म्हणाला असता. रॉब स्वतः बऱ्याच चुका करून बसला होता, त्याने ऐकून घेतलं असतं. खोटं बोलावं लागलं, कारण ती मोहीम मुळात चूक म्हणून झालेलीच नव्हती.

यानंतर ट्रायडंट नदीचा उतार. पावसाने नदी फुगलेली, होड्या थोड्या, सैन्य तुकड्या-तुकड्यांनी पलीकडे जातंय. दोन-तृतीयांश फौज उत्तर काठावर पोहोचली असताना टायविनच्या ग्रेगर क्लिगेनचे लोक मागे राहिलेल्यांवर तुटून पडले. आधी कोण गेलं आणि मागे कोण राहिलं, हे नदीने ठरवलेलं नव्हतं. आधीच्या लढाईनंतर सुटलेला विलिस मँडर्ली इथे पुन्हा शत्रूच्या हाती सापडला. शिवाय उतार राखायला म्हणून रूसने 600 माणसं मागे ठेवली. ती कोणाची? डोंगराळ भागातले, रिल्समधले आणि व्हाइट नाइफच्या काठचे भालाईत, हॉर्नवूडचे तिरंदाज, स्टाउट आणि सर्विनची माणसं. आणि ट्विन्सपर्यंत सोबत कोण आलं? 500 घोडेस्वार आणि 3,000 पायदळ, त्यात मुख्यतः ड्रेडफोर्टचे लोक आणि काही कारहोल्डचे. कारहोल्डचे, म्हणजे ज्यांच्या सरदाराचं, रिकार्ड कारस्टार्कचं, मुंडकं रॉबने नुकतंच उडवलं होतं. त्यांच्या निष्ठेची खात्री वाटत नाही म्हणून त्यांना जवळ ठेवलं, असं स्पष्टीकरण रूस राजाला देतो, आणि राजाला ते पटतं. राजासाठी मरायला तयार असलेले एकेक करून मागे पडत गेले आणि राजाचा राग असलेले तेवढे लग्नघरापर्यंत पोहोचले. एक लढाई योगायोग म्हणून सोडता येते. डस्कनडेल आणि ट्रायडंट लागोपाठ एकाच दिशेने झुकतात तेव्हा ती चाळणी असते, आणि ती चाळणारा हात एकच आहे.

या युक्तिवादावरचा सगळ्यात ताकदीचा आक्षेप लष्करी आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणताही शहाणा सेनापती आपली सर्वांत भरवशाची तुकडी राखीव ठेवतो. 1812 मध्ये बोरोदिनोच्या लढाईत सरदार विनवत असताना नेपोलियनने आपली खास गारद पुढे सोडली नाही आणि इतर पलटणींना रक्त सांडू दिलं. मग रूसने ड्रेडफोर्टचे लोक राखले तर बिघडलं काय? बिघडलं ते पुढे. राखीव फौज राखतात ती ज्याच्यासाठी इतर मरतात त्याच कामासाठी. तीच गारद 1815 मध्ये वॉटर्लूच्या शेवटच्या तासांत नेपोलियनने टेकडीवर चढवली आणि ती त्याच्यासाठी फुटली. रूसच्या राखीव फौजेचा पहिला मोठा उपयोग कोणावर झाला? ज्याच्या नावाने ती राखली होती त्याच राजाच्या लोकांवर. ट्विन्सबाहेरच्या तंबूंमध्ये उत्तरेच्या सैनिकांची जी कत्तल झाली, तीत फ्रे मंडळींसोबत ड्रेडफोर्टचे लोक होते.

दुसरा आक्षेप रॉबविषयीचा. तो मी पूर्णपणे मान्य करतो. फ्रे घराण्याला दिलेलं लग्नाचं वचन त्याने मोडलं. थिऑन ग्रेजॉयवर विश्वास टाकून त्याला बापाकडे परत पाठवलं आणि त्या थिऑनने विंटरफेल घेतलं. रिकार्ड कारस्टार्कला मारणं न्यायाचं होतं, पण त्या प्रकरणात कारस्टार्कची फौज गेली. ब्लॅकवॉटरच्या लढाईत लॅनिस्टर आणि टायरेल एकत्र आले, यात रूसचा काही हात नव्हता. प्रत्येक लढाई जिंकूनही रॉब युद्ध हरत चालला होता. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत, तर एका वाशाला एवढा दोष का? कारण हरत चाललेलं युद्ध आणि हरलेलं युद्ध यांत फरक असतो. रॉबचं घोडदळ अजून एकही लढाई हरलेलं नव्हतं. दलदलीच्या वाटांनी उत्तरेच्या तोंडाशी असलेल्या मोट केलिन किल्ल्याच्या पाठीमागे उतरायचा त्याचा बेत होता, त्यासाठी दलदलीचा सरदार हाउलंड रीड याच्याकडे माणसं रवाना झाली होती. उत्तरेत परतून घर सोडवणं अशक्य नव्हतं. फक्त त्यासाठी पायदळ हवं होतं, आणि पायदळ कोणाच्या हाती होतं? डस्कनडेलला गेलेली एक-तृतीयांश माणसं हाताशी असती तर रॉब जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. पण ज्याने ती घालवली, त्याच्याच बचावासाठी 'राजाकडे आता उरलंच काय होतं' हे वाक्य वापरायचं, याला काय अर्थ आहे?

शिवाय बाजू सोडायचीच होती तर उघड सोडायची वाट होती. सरंजामी व्यवस्थेत स्वामीला दिलेली शपथ परत घेणं ही ऐकिवात नसलेली गोष्ट नव्हती. इंग्लंडच्या बंडखोर सरदारांनी 1215 मध्ये जॉन राजाशी असलेलं नातं आधी जाहीरपणे तोडलं आणि मग शस्त्र उचललं. खुद्द या कथेतही कारस्टार्कची माणसं राजाला सोडून निघून गेली. उत्तरेतल्याच बार्बरी डस्टिनला स्टार्क घराण्याचा जुना राग होता. तिने धीर होईल तितकी कमीत कमी माणसं पाठवली. तिचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्या रागापायी दुसऱ्याच्या घरातला बाप किंवा भाऊ डस्कनडेलला जाऊन मेला नाही. रूसने तसं केलं असतं, ड्रेडफोर्टला परतून दार लावून घेतलं असतं, तर त्याला स्वार्थी म्हणता आलं असतं, आणि गोष्ट तिथेच संपली असती. तो सेनापतिपद सोडत नाही. ते पद हेच त्याचं खरं हत्यार आहे.

इथे महाभारतातला शल्य आठवल्यावाचून राहत नाही. पांडवांचा मामा, पण दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलून कौरवांकडे गेलेला. कर्णाचं सारथ्य करत असताना त्याचा धीर खचवण्याचं वचन तो युधिष्ठिराला देऊन बसला होता. एका रथावर बसून दुसऱ्याचं काम करणारा माणूस म्हणून तो रूसचा जुना पूर्वज वाटतो. तरीही शल्य शेवटी कौरवांचा सेनापती झाला आणि अठराव्या दिवशी त्यांच्याच बाजूने लढताना पडला. ज्या बाजूचं मीठ खाल्लं तिच्यासाठी त्याने किंमत मोजली. रूसने कुठल्याही बाजूसाठी काही मोजलं असेल तर ते मला दाखवावं. वॉल्डर फ्रेची नात त्याने पत्करली ती तिच्या वजनाइतकी चांदी मिळते म्हणून. हॅरनहालहून जेमी लॅनिस्टरला त्याने राजधानीकडे सुखरूप पाठवून दिलं, आणि त्याचा हात तुटण्यात आपला दोष नाही हे टायविनच्या कानावर जाईल याची काळजी घेतली. रॉबचा सगळ्यात मोलाचा कैदी रॉबच्याच सेनापतीने शत्रूला परत केला आणि त्याच रॉबच्या मामाच्या लग्नात मेजवानीला बसला. टायविनने त्याला उत्तरेचा रक्षक नेमलं ते याच सेवेबद्दल.

जाता जाता एक. बोल्टन घराणं मुळातच वाईट, पूर्वी माणसांची कातडी सोलणारे, स्टार्कांचे हजारो वर्षांचे वैरी, त्यामुळे दुसरं काय होणार, असा एक सूर या चर्चेत नेहमी लागतो. तो मला अजिबात मान्य नाही. रक्तातच गद्दारी असते असं म्हटलं की माणूस आपल्या निर्णयांच्या जबाबदारीतून सुटतो. रूस काही झपाटलेला नाही. तो विचार करून, हळू आवाजात, प्रत्येक पाऊल तोलून टाकतो. म्हणूनच तर तो दोषी आहे.

मग रॉबला हे दिसलं का नाही? त्याची कीव करणारे वय काढतात. मला वाटतं कारण वयात नसून सैन्याच्या बांधणीत आहे. प्रत्येक सरदार आपली माणसं आपल्या निशाणाखाली घेऊन येतो. कोणाची तुकडी कुठे उभी करायची हे सेनापती ठरवतो. राजा दूर असेल तर त्याला दिसतं ते फक्त सेनापतीने कळवलेलं. पायदळ रूसकडे द्यावं हा सल्ला त्याच्या आईचा, कॅटलिनचा. टायविनसमोर धाडसापेक्षा थंड डोक्याचा माणूस हवा, हा तिचा विचार, आणि लढाईपुरता तो बरोबरही होता. पण थंड डोक्याच्या माणसावर देखरेख करायला दुसरं कोणी नेमलं गेलं नाही. 23 जून 1757 रोजी पलाशीच्या मैदानात सिराजउद्दौलाची फौज क्लाइव्हच्या कितीतरी पट होती. मीर मदन लढत मेला, मोहनलाल लढत राहिला, आणि फौजेचा मोठा भाग मीर जाफरच्या हाताखाली जागचा हलला नाही. नवाबाला शंका नव्हती असं नाही. त्याने मीर जाफरकडून शपथा घेतल्या होत्या. शपथ घेणं त्याच्या हातात होतं. मीर जाफरची माणसं मीर जाफरच्या हाताखालून काढून घेणं नव्हतं.

व्यवहारी रूसचे चाहते शेवटी एकच प्रश्न विचारतात: पण तो जिंकला ना? हा निकषही लावून पाहूया. इंग्लंडमध्ये बॉसवर्थला 22 ऑगस्ट 1485 रोजी स्टॅनली बंधू दोन फौजांच्या कडेला थांबून राहिले आणि ऐन वेळी विल्यम स्टॅनलीची माणसं राजा तिसऱ्या रिचर्डवर तुटून पडली. थॉमसला डर्बीची अर्लकी मिळाली. विल्यमला, त्याने ज्याला जिंकून दिलं त्याच सातव्या हेन्रीने 1495 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली मारलं. मीर जाफरला कंपनीने तीन वर्षांत गादीवरून उतरवलं. आणि रूस? विंटरफेल हाती आलं तेव्हा त्याला कळलं की राखलेल्या फौजेच्या जोरावर उत्तर सांभाळता येत नाही. त्यासाठी स्टार्क नावाची नवरी लागते. ती नाही म्हणून विंटरफेलच्या कारभाऱ्याच्या मुलीला आर्या म्हणून उभं करावं लागतं, तिला आपल्या मुलाच्या, रॅमसीच्या, स्वाधीन करावं लागतं, आणि तिचे हुंदके भिंतींतून बाहेर जाऊ नयेत याची चिंता वाहावी लागते.

भोवती बसलेली माणसं कोण? सर्विन, टॉलहार्ट, हॉर्नवूड यांचे उरलेसुरले लोक, ज्यांचे नातेवाईक त्याच्या हुकमाने किंवा त्याच्या मुलाच्या हातून गेले. समोर वायमन मँडर्ली, ज्याचा एक मुलगा लग्नघरात मारला गेला आणि दुसरा, विलिस, ट्रायडंटच्या उतारावर शत्रूच्या हाती सापडला होता. विलिस परत घरी पोहोचेपर्यंतच वायमन गोड बोलत होता. सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस याची फौज बर्फात जवळ आल्यावर आणि वाड्यातच फ्रे आणि मँडर्ली एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यावर रूस काय करतो? फ्रेंना एका दरवाजाने आणि मँडर्लींना दुसऱ्या दरवाजाने स्टॅनिसवर चालून जायला सांगतो. ड्रेडफोर्टची माणसं तटाच्या आत राहतात.